तेंदूचं फळ खा, बी पेरा

पर्सिमन हे फळ हल्ली पुण्या-मुंबईच्या दुकानांत खोक्यांत मांडलेलं दिसतं. केशरी, तुकतुकीत, देठाशी वाळक्या पाकळ्यांची टोपी आणि भाव सफरचंदालाही मागे टाकणारा. हिमाचलातल्या कुलूच्या बागांतून ते येतं आणि तिकडे त्याला सरळ ‘जपानी फळ’ म्हणतात. या पाहुण्याचा सख्खा भाऊबंद मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या जंगलात पावलापावलावर उभा आहे. त्याला कुणी लावलं नाही, कुणी पाणी घातलं नाही, कुणी खोक्यातही भरलं नाही.

तो म्हणजे तेंदू. बालाघाट-बैहरकडे तेंदू म्हणतात, वाघ नदी ओलांडून गोंदिया-भंडाऱ्याच्या झाडीपट्टीत शिरलं की टेंभरं आणि देशावर टेंभुर्णी. पुणे-सोलापूर रस्त्यावर टेंभुर्णीच्या फाट्याला चहा प्यायलेल्या प्रत्येकाने या झाडाचं नाव तोंडात घोळवलेलं आहे. फळ मात्र त्यातल्या किती जणांनी चाखलंय?

घराणं मोठं आहे

डायोस्पायरॉस नावाच्या वनस्पतींच्या गोतावळ्यात सातशेच्या आसपास झाडं मोडतात. जपानी पर्सिमन त्यातलंच, अमेरिकेतलं रानटी पर्सिमन त्यातलंच, काश्मीर-हिमाचलातलं अमलूकही त्यातलंच. ज्याच्या लाकडाच्या पियानोच्या काळ्या पट्ट्या होत, ते आबनूसही याच घराण्यातलं. अमेरिकी पर्सिमनचं लाकूड इतकं घट्ट, की अनेक दशकं गोल्फच्या काठ्यांची डोकी त्याचीच बनत. पोलादी डोकी आली तेव्हा कुठे ती मागे पडली. बंगालात गाब नावाचा याचा एक भाऊ आहे. त्याच्या कच्च्या फळाचा चिकट रस मासेमारीच्या जाळ्यांना आणि होड्यांना चोपडतात, म्हणजे पाण्याने ती लवकर कुजत नाहीत.

तेंदूही लाकडात कमी नाही. बाहेरचं लाकूड फिकट गुलाबी-करडं असतं, पण जुन्या झाडाच्या गाभ्यात काळ्याभोर रेघा उतरतात. स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी १७९५ साली कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरच्या आपल्या ग्रंथात या झाडाची नोंद केली, तेव्हा शास्त्रीय नावात मान दिला तो याच काळ्या लाकडाला. शेजारच्या छत्तीसगडात राऊत गवळी दिवाळीनंतर नाचायला निघतात तेव्हा हातात ‘तेंदूसार’ची लाठी असावी लागते, म्हणजे तेंदूच्या गाभ्याची. कावडीचा दांडा, कुऱ्हाडीचा दांडा, म्हाताऱ्याच्या हातातली काठी, सगळीकडे हेच लाकूड चालत आलं.

म्हणजे आधी लोकांनी याचं लाकूड पाहिलं. मग बिडी आली आणि सगळ्यांना पान दिसू लागलं. फळाची पाळी अजून यायची आहे.

आठ पैशांचं पान

मध्य प्रदेश हे देशात सर्वाधिक तेंदूपत्ता देणारं राज्य आहे आणि बालाघाट त्यातल्या नावाजलेल्या जिल्ह्यांपैकी एक. इथला हिशेब असा : ५० पानांची एक गड्डी, १००० गड्ड्यांचा एक मानक बोरा. म्हणजे एका बोऱ्यात ५०,००० पानं. २०२४ साली राज्य सरकारने तोडणीचा दर बोऱ्याला ३००० रुपयांवरून ४००० रुपये केला. भागाकार करून पाहा, एका पानाला आठ पैसे पडतात.

आठ पैशांसाठी काय करावं लागतं तेही ऐका. एप्रिलअखेर ते मे, अगदी ऐन वैशाख. पहाटे अंधारात घरातले सगळे निघतात, उन्हं चढायच्या आत पानं खुडून परततात. दुपारी ओसरीवर बसून आजीपासून नातीपर्यंत सगळे गड्ड्या बांधतात. संध्याकाळी फडावर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या ठिकाणी, नेऊन फडमुंशीकडून मोजून घ्यायच्या. मग त्या मोकळ्या जागेत ओळीने मांडून वाळवायच्या, उलटायच्या, मग बोरे भरायचे. याच दिवसांत याच झाडांखाली अस्वलं फिरत असतात, वाघही असतो. दर उन्हाळ्यात कुठल्या तरी गावातून कुणी तरी जखमी झाल्याची बातमी येते. बिडी ओढणाऱ्याला हे ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

बिडीसाठी हेच पान का? कारण ते रुंद आहे, कोवळेपणी मऊ आणि लवचिक आहे, वाळल्यावरही वळताना चरकन फाटत नाही. बिडीत तंबाखू असते पाव ग्रॅमच्या आसपास, बाकी सगळी कामगिरी पानाची. महाराष्ट्रात काही भागांत आपट्याच्या पानाच्याही बिड्या वळत. दसऱ्याला ज्याला आपण सोनं म्हणतो तोच आपटा. पण तेंदूने त्याला मागे टाकलं आणि ‘हिरवं सोनं’ ही पदवीही पटकावली.

या सोन्यावर सरकारचं लक्ष जायला वेळ लागला नाही. मध्य प्रदेशाने १९६४ मध्ये कायदा करून तेंदूपत्त्याचा व्यापार आपल्या हाती घेतला, महाराष्ट्राने १९६९ मध्ये. त्याआधी १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बालाघाट आणि भंडारा एकाच राज्यात, नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होते. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात. राज्यं बदलली, कायदे दोन झाले, झाड मात्र वाघ नदीच्या दोन्ही काठांवर तेच राहिलं. बिडीच्या धंद्याचं मोठं ठाणंही गोंदियाच राहिलं, बालाघाटहून जेमतेम ४० किलोमीटरवर.

झाडाचं झुडूप कसं झालं

बालाघाटात वाढलेल्या पोराला तेंदू विचारा, तो कमरेएवढं झुडूप दाखवेल. खरं तर तेंदू पंधरा-वीस मीटर उंच जातो. काळी साल, तिला उभ्या-आडव्या भेगा पडून झालेले चौकोनी तुकडे, वर गर्द घुमट. मग ते झाड गेलं कुठे?

पानासाठी गेलं. जुन्या फांद्यांची पानं राठ असतात, बिडीला हवी कोवळी. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपं जमिनीलगत छाटतात. मध्य प्रदेशात याला शाखकर्तन म्हणतात, गोंदिया-गडचिरोलीकडे खुटकटाई. छाटलं की दीड महिन्यात मऊ, तांबूस, मोठी पानं फुटतात. दरवर्षी छाटलेलं झुडूप उंच होत नाही, फुलत नाही आणि जे फुलत नाही त्याला फळ कुठलं? काही ठिकाणी फूट जास्त यावी म्हणून रानाला आगही लावतात. जुन्या तेंदूची जाड साल ती आग सोसते. गेल्या पावसाळ्यात बियांतून उगवलेलं बोटभर रोप सोसत नाही.

आणि तरीही तेंदू संपत नाही, कारण त्याच्या मुळांत वेगळीच ताकद आहे. जमिनीखाली आडव्या पसरलेल्या मुळांतून नवे फुटवे वर येतात. जितकं तोडाल, जाळाल, खणाल तितके जास्त. गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत, दुष्काळ आणि हिवाळ्यातली कडाक्याची थंडी त्याला नमवत नाही. शेताच्या बांधावर एकदा शिरलेला तेंदू काढणं किती जिकिरीचं असतं ते शेतकऱ्याला विचारा.

यात एक मेख आहे. एकाच मुळातून आलेले सगळे फुटवे म्हणजे एकच झाड. तुम्हाला तेंदूचं हिरवंगार रान दिसतं, पण त्यातला मोठा ताटवा कदाचित एकाच जुन्या झाडाच्या मुळांचा असेल. नवा जीव, नवी चव, नवा गुण येतो तो फक्त बियांतून. तेंदू टिकून आहे असं म्हणून निवांत बसायला म्हणूनच माझी तयारी नाही. फुटवे टिकलेत, बियांची पिढी मागे पडली आहे.

मोठा तेंदू पाहायचा असेल तर कान्हाला जा. कान्हा राष्ट्रीय उद्यान मंडला आणि बालाघाट अशा दोन जिल्ह्यांत पसरलंय आणि मुक्की गेट बालाघाटच्या बाजूला आहे. गाभ्याच्या जंगलात पानतोड नाही, त्यामुळे तिथे तेंदू झाडासारखा वाढतो. जिप्सीतले सगळे वाघासाठी माना वेळावत असतात तेव्हा तुम्ही जरा काळ्या खोडांकडे पाहा.

वर्षभर झाडावर

तेंदूला फुलं एप्रिल ते जूनमध्ये येतात. पांढुरकी, छोटी, मागे जाड देठकोश. फळ पिकतं केव्हा? पुढच्या वर्षीच्या एप्रिल-मे-जूनमध्ये. म्हणजे पुरं एक वर्ष ते फांदीवर ऊन, पाऊस, थंडी खात असतं. आंब्याला एवढा दम नाही.

कच्चं फळ हिरवं, त्यावर गंजाच्या रंगाची लव. ते चुकून चावलंत तर जीभ, टाळू, घसा सगळं आखडून जातं. हा टॅनिनचा प्रताप. लाळेतल्या प्रथिनांना ते पकडतं आणि तोंड कोरडं पडतं. पिकताना तेच टॅनिन एकमेकांत गुंतून अविद्राव्य होतं, लाळेशी त्याचं काही चालत नाही आणि साखर पुढे येते. जपानी पर्सिमनच्या काही जातींतही असंच घडतं, म्हणून तिकडे ते फळ लिबलिबीत होईस्तोवर थांबतात किंवा सोलून, दोरीला टांगून वाळवतात.

पिकलेलं तेंदू पिवळं, लिंबाएवढं. टोपी काढायची, साल दाबायची, आतला पिवळा गर बियांसकट तोंडात. चिकूचा गोडवा, शेवटाला किंचित तुरट. आत चकचकीत तपकिरी चपट्या बिया, कधी तीन-चार, कधी आठपर्यंत. एप्रिल-मेमध्ये बालाघाट, गोंदिया, नागपूरच्या आठवडी बाजारांत बायका पळसाच्या द्रोणांत वाटे लावून विकतात. पन्नास पावलांवर आंब्याच्या राशी असतात, त्यामुळे गर्दी तिकडे. तुम्ही इकडे या. घासाघीस न करता दोन द्रोण घ्या, एक खायला आणि एक पेरायला.

अस्वलाचं पंचांग

मार्च-एप्रिलमध्ये मोह टपकतो. मग चार पिकते, तीच जिच्या बियांतली चारोळी आपण श्रीखंडावर घालतो. मग तेंदू. मग पहिल्या पावसाच्या आगेमागे जांभूळ. मध्य भारतातलं अस्वल या क्रमाने उन्हाळा काढतं. मधल्या वेळी वारुळं उकरून वाळवी खातं. तेंदू पिकला की ते झाडावरही चढतं. फळ चावत बसत नाही, भराभर गिळतं. बिया कडक, त्या पोटातून साबूत बाहेर येतात, मूळ झाडापासून कितीतरी लांब आणि सोबत खतही. मेमध्ये रानवाटेवर अस्वलाची विष्ठा दिसली तर तेंदूच्या बिया त्यात ओळखू येतात.

कोल्हे, उदमांजर, माकडं, धनेश, वटवाघळं हे बाकीचे पेरणारे. आणि माणूस. मोहाला, चारीला, तेंदूला एकाच वेळी एकाच झाडाखाली अस्वल आणि माणूस येतात, तिथेच गाठ पडते. पहाटे रानात जाणाऱ्या बायका बोलत, हाका देत जातात त्याचं कारण हेच.

पाचगावने काय केलं

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव नावाचं छोटं गाव आहे. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाल्यावर त्यांच्यासमोर दोन मोठी उत्पन्नं होती, बांबू आणि तेंदूपत्ता. ग्रामसभेने बांबू ठेवला आणि बिडीसाठी तेंदूपत्ता तोडायचा नाही असं ठरवलं. कारणं साधी. पानांसाठी झाडं छाटली जातात, आगी लागतात, फळ येत नाही. फळ आलं तर आपण खाऊ, पाखरं-जनावरं खातील. शिवाय तंबाखूने माणसं आजारी पडतात. दिवंगत पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या गावाबद्दल वारंवार लिहिलं.

आठ पैशांच्या पानावर ज्यांची चूल पेटते त्यांनी ते सोडावं असं शहरात बसून सांगणं मला पटत नाही. पण पाचगावच्या वाटेवरचं एक छोटं पाऊल कुठल्याही गावाला टाकता येईल. सगळं रान पानासाठी, पण बांधावरची, देवराईतली, शाळेच्या आवारातली पाच-दहा झाडं फळासाठी. तेवढ्यांना छाटायचं नाही.

आता बी

परदेशी पर्सिमन बियांपासून वाढवायचं तर फ्रीज लागतो. अमेरिकी पर्सिमनचं बी ओलसर वाळूत, थंडीत दोन-तीन महिने ठेवल्याखेरीज नीट उगवत नाही. त्याला हिवाळा काढल्याची खात्री हवी असते. (त्याच बियांबद्दल अमेरिकी खेड्यांत एक गंमत आहे. बी उभं चिरलं की आत कोवळा अंकुर दिसतो. तो चमच्यासारखा दिसला तर हिमवर्षाव भरपूर, सुरीसारखा दिसला तर बोचरी थंडी, काट्यासारखा दिसला तर सौम्य हिवाळा.)

आपल्या तेंदूला फ्रीज नको. तो पिकतो मृगाच्या तोंडावर आणि बी जमिनीवर पडतं ते पावसाची वाट पाहत. त्याचं घड्याळ पावसाळ्याला लावलेलं आहे, म्हणून आपणही तेच पाळायचं.

झाडाखाली आपोआप पडलेली, पूर्ण पिवळी, मऊ फळं घ्यावीत. गर खाऊन बिया पाण्यात चोळून धुवाव्यात, गर राहिला तर बुरशी धरते. पाण्यावर तरंगणाऱ्या पोकळ बिया टाकून द्याव्यात. एखादा दिवस सावलीत सुकवून लगेच पेराव्यात. बरणीत भरून पुढच्या वर्षासाठी ठेवू नका, तेंदूचं बी ताजं असतानाच चांगलं. पेरण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवलं तर उत्तम. इंच-सव्वा इंच खोल, आडवं टाकायचं. सगळी एकदम उगवणार नाहीत. काही लवकर मान वर काढतील, काही बराच वेळ घेतील. पिशवी रिकामी दिसली म्हणून ओतून देऊ नका.

पिशवीचंच बोलायचं तर ती खोल हवी, फूटभर तरी. कारण हे रोप आधी खाली जातं. पहिल्या पावसाळ्यात सोटमूळ झपाट्याने खोल उतरतं आणि वर मात्र दोन-चार पानं. वीतभर उंची झाली तरी पुष्कळ म्हणायची. छोट्या पिशवीत मूळ तळाला वळसे घेतं आणि पुढे झाड कधीच नीट उभं राहत नाही. मोकळ्या मुळांनी उपटून लावलं तर बहुतेक मरतं. माझं मत विचाराल तर रोपवाटिकेचा व्यापच नको. जून-जुलैत जिथे झाड हवं तिथेच दोन-तीन बिया टोचाव्यात, भोवती काट्यांचं कुंपण करावं आणि पहिले दोन-तीन उन्हाळे वणवा तिथवर पोचणार नाही एवढं बघावं. बालाघाटची मुरमाड, खडकाळ माळजमीन त्याला पुरते. भातखाचराच्या बांधीत मात्र नको, साचलेलं पाणी त्याला सोसत नाही.

धीर लागतो. हे झाड सावकाश वाढतं आणि फळाला यायला बरीच वर्षं घेतं.

नर की मादी?

तेंदूत नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. नर झाडाची फुलं झुबक्याने येतात, मादीचं फूल बहुधा एकेकटं. फळ फक्त मादीला. बियांतून उगवलेलं रोप नर आहे की मादी, हे पहिली फुलं येईपर्यंत पाहून सांगता येत नाही.

२०१४ साली जपानी आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी या कोड्याचा एक मोठा दुवा शोधला, तेंदूचा चुलतभाऊ असलेल्या अमलूकमध्ये. ‘सायन्स’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. मादीपण घडवणारं एक जनुक दोघांतही असतं, पण नर झाडाकडे आणखी एक असतं, जे त्या पहिल्याला गप्प बसवतं. शास्त्रज्ञांनी जपानी भाषेतून त्यांना नावं दिली, मेगी आणि ओगी.

शेतावर लावणाऱ्याला यातून एवढंच घ्यायचंय की एक बी पेरून भागणार नाही. साधारण निम्मी रोपं नर निघणार. म्हणून एका ठिकाणी आठ-दहा तरी झाडं उभी राहतील अशा बेताने पेरा. काहींना आठवेल की मादी झाडाच्या मुळाचा फुटवा लावला तर तो नक्की मादीच निघतो. बरोबर आहे, घाई असेल त्याने तसं करावं. पण तो जुन्याच झाडाचा तुकडा असेल. वेगळी गोडी, कमी बिया, मोठं फळ असं काही निघायचं असेल तर ते बियांतूनच निघेल. जपानी लोकांनी शेकडो वर्षं हेच केलं, रानातली बरी झाडं निवडत गेले आणि आज ते फळ कुलूच्या बागांपर्यंत आलं. तेंदूची अशी निवड कुणी मनावर घेऊन केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. ती बालाघाटच्या आठवडी बाजारातल्या द्रोणापासून सुरू होऊ शकते. सर्वांत गोड फळ कुठल्या झाडाचं, हे विकणारीला नेमकं ठाऊक असतं. तिला विचारा, त्याच झाडाचं बी घ्या.

आणि पुढे कधी फुलं आली, निम्मी झाडं फळ देत नाहीत असं दिसलं तर लगेच कुऱ्हाड काढू नका. एक-दोन नर तरी उभे राहू द्या. त्यांचे पराग मिळाले तरच शेजारच्या मादीवर पुढच्या वैशाखात फळ पिकतं.